२४ फेडरची स्क्रीन मामांच्या हातात कशी द्यायची?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी तो नीट समजून घेतलाय का ते तुम्हाला कळेल. कोल्हापुरात रंकाळ्याच्या पुढं, फुलेवाडीच्या बाजूला तुमचं घरचं मंगल कार्यालय आहे. मुख्य हॉल, पंगतीचा हॉल आणि बाहेर लॉन. साऊंड नवीन बसवलाय: एक डीएसपी (माईक आणि स्पीकरच्या मध्ये आवाज सांभाळणारा प्रोसेसर), चार कॉर्डलेस, दोन कॉलर माईक, एक पोडियमचा, सनई-गाण्यांसाठी प्लेअर आणि भिंतीवर १० इंची टच स्क्रीन. त्या स्क्रीनवर २४ फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करायच्या सरकपट्ट्या आहेत. कार्यालय बघणारे मामा तिला हात लावायला घाबरतात, आणि मागच्या सीझनला ऐन मुहूर्तावर गुरुजींचा माईक बंद राहिला. तुम्ही स्वतः सॉफ्टवेअरमधले, पुण्याहून अधूनमधून येता, म्हणून स्क्रीन स्वतःच नव्यानं करायचं मनात आहे. बटणं किती ठेवावीत, मराठीत लिहावं का, आणि भिंतीवरचं पॅनेल काढून आयपॅड घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

बटणं किती, हा प्रश्न शेवटी येतो. मामांना बटणांच्या संख्येची भीती वाटत नाही. लग्नाची यादी, आचारी, वाढपी, मांडववाले, गाड्यांचं पार्किंग हे सगळं ते तोंडपाठ सांभाळतात. त्यांना भीती याची आहे की कुठल्या फेडरला बोट लागल्यावर काय बिघडेल हे आधी सांगता येत नाही. २४ पैकी कुठलाही तळाला गेला तर आवाज जातो, कुठलाही वर गेला तर माईक शिट्टी मारतो, आणि समोर पाचशे माणसं मागं वळून बघतात. ती स्क्रीन बसवणाऱ्याच्या सोयीची आहे. ट्युनिंग करताना त्याला जे जे लागलं ते सगळं तिथंच राहून गेलं. एसटीच्या ड्रायव्हरसमोर डेपोच्या वर्कशॉपमधली सगळी हत्यारं मांडून ठेवावीत, तसा प्रकार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रीन सोपी होते ती प्रोसेसरच्या आत. बाहेर जितकं कमी दाखवायचं असेल तितकं आत आधी ठरवून, बांधून ठेवावं लागतं. आतलं ट्युनिंग अर्धवट आणि वर फक्त चार देखणी बटणं, असं केलंत तर मामांची अवस्था आणखी वाईट होईल. पूर्वी निदान फेडर तरी होते, आता तेही नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. प्रोसेसर कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. क्यू-सिसमध्ये स्क्रीन ज्या भागात बनवतात त्याला यूसीआय म्हणतात, यामाहाचं प्रोव्हिजनेअर आहे, ॲलन अँड हीथचं कस्टम कंट्रोल आहे. प्रत्येकाची पद्धत वेगळी, पण खाली लिहितोय त्यातलं बहुतेक सगळं या तिन्हींत जमतं. दुसरं म्हणजे, रोज मामाच असतात की त्यांच्या सुट्टीला दुसरा एखादा पोरगा बसतो? तिसरं, दोन्ही हॉल एकाच दिवशी वेगवेगळ्या कार्यांना देता का? देत असाल तर दोन स्वतंत्र स्क्रीन लागतील, एका स्क्रीनवर दोन लग्नं नकोत. आणि चौथं, रिसेप्शनला बाहेरचा साऊंडवाला येतो का? त्याचं शेवटी बोलू.

आता कामाचं. कॉम्प्युटर बाजूला ठेवा, एक कागद घ्या आणि मामांना शेजारी बसवून लग्नाचा दिवस सकाळपासून लिहून काढा. सकाळी हळू सनई. मग विधी, त्यात गुरुजींचा कॉलर माईक. मुहूर्ताच्या आधी 'वऱ्हाडी मंडळींनी आसनस्थ व्हावं' ही सूचना. मंगलाष्टका. अक्षता. पंगत. मग आहेर, सत्कार, एखाद्या पाहुण्याचं लांबलेलं भाषण. संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन. या यादीत 'फेडर ७' कुठंच येत नाही. 'झोन २' येत नाही. मामांच्या डोक्यात दिवस जसा आहे, स्क्रीनवरही तसाच असायला हवा. माझ्या हिशेबानं तुमच्या पहिल्या पानावर सहा मोठी बटणं येतील: सनई, विधी, मंगलाष्टका, अक्षता, पंगत, कार्यक्रम. प्रत्येक बटण म्हणजे एक प्रसंग, आणि त्या प्रसंगाला कुठला माईक कुठल्या स्पीकरवर किती हवा हे सगळं आत साठवलेलं.

मंगलाष्टकांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा माईक तिथंच दगा देऊन गेला. त्या वेळी गुरुजींचा कॉलर माईक चालू असतो आणि दोन कॉर्डलेस नातेवाइकांच्या हातात फिरत असतात. वधूची आत्या स्वतः रचलेलं मंगलाष्टक कागदावरून वाचते, एका हातात कागद, दुसऱ्यात माईक. पहिल्या ओळीला माईक ओठाला टेकलेला असतो, तिसऱ्या ओळीपर्यंत तो छातीशी आलेला असतो. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलनं पडते. ५ सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर गेला म्हणजे १२ डेसिबल गेले. एवढ्या चढउताराच्या मागं फेडर घेऊन कुणीच धावू शकत नाही, मी स्वतः बसलो तरी नाही. ते काम कॉम्प्रेसरचं, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबून चढउतार कमी करणाऱ्या सोयीचं आहे आणि ते 'मंगलाष्टका' या प्रसंगात त्या दोन माईकवर आधीच लावून ठेवायचं. बाकीचे दोन कॉर्डलेस त्या वेळी आपोआप बंद. कुणीतरी एक माईक चालूच ठेवून स्टेजमागच्या खुर्चीवर टाकलेला असतो, तो शिट्टी मारायला टपून बसलेला असतो.

त्यानंतर येते खरी परीक्षा. शेवटचं 'सावधान' आणि सनई-चौघडा यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नसते. तुमच्या सध्याच्या स्क्रीनवर मामांनी तेवढ्या वेळात तीन माईक खाली ओढायचे, प्लेअरचा फेडर वर न्यायचा आणि प्लेअरवर जाऊन ट्रॅक लावायचा, अशी अपेक्षा आहे. ते होणारच नाही. 'अक्षता' हे एकच बटण दाबलं की माईक खाली, ट्रॅक सुरू, आवाज वर. प्लेअर प्रोसेसरच्या आतलाच असेल तर हे सरळ जमतं. बाहेरचा असेल तर ट्रॅक आधीच चालू ठेवून त्याचा आवाज फक्त बंद ठेवायचा. बाकीच्या प्रसंगांत मी एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना दीड-दोन सेकंदांचा उतार-चढ देतो, म्हणजे आवाज कापल्यासारखा वाटत नाही. 'अक्षता'ला मात्र तो द्यायचा नाही, बोट लागताक्षणी वाजलं पाहिजे. तुमच्याकडं खरे वाजंत्री बसत असतील तर ट्रॅकचा भाग काढून टाका, उरलेलं तसंच.

हे बटण मी 'मंगलाष्टका' चालू असतानाच दाखवतो, एरवी ती जागा रिकामी राहते. हळदीच्या वेळी चुकून दाबलं जाण्याचा विषयच संपतो. पण एक पथ्य पाळा: बटण दिसो वा न दिसो, बाकीच्यांनी जागा बदलायची नाही. मामांचा हात महिनाभरात जागेवर बसतो, ते वाचत नाहीत, नुसतं बोट नेतात. जागा हलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पोडियमचा माईक या सगळ्याला अपवाद. 'एमएच ०९, पांढरी गाडी, कृपया गेटसमोरून काढावी' ही सूचना केव्हाही येते आणि ती पंगतीत बसलेल्या माणसालाच ऐकू जायची असते. म्हणून तो मंगलाष्टका सोडून प्रत्येक प्रसंगात चालू आणि तिन्ही जागी जोडलेला ठेवा. त्यावर कुणी बोलायला लागलं की सनई आपोआप खाली यावी, हेही आतच बांधता येतं. त्यासाठी स्क्रीनवर बटण लागत नाही.

आत काय काय बंद करून ठेवायचं, तर इनपुट गेन (माईकचा आवाज आत किती घ्यायचा), इक्वलायझर (जाड-बारीक सूर), लो-कट (खालची घरघर काढणं), लिमिटर (ठरल्यापेक्षा मोठा आवाज अडवणं), स्पीकरचा डिले (आवाज किंचित उशिरा सोडणं). यातलं काहीही मामांच्या पानावर नको. शिट्टीचं गणितही आत सोडवायचं असतं. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी सुरू होण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनं कमी होतो. तुमचे सातही माईक एकदम उघडे राहिले तर एका माईकच्या तुलनेत साडेआठ डेसिबलच्या आसपास गमावता. लोक म्हणतात 'साऊंड बसवलाय भारी, पण आवाजच येत नाही', त्यामागं पुष्कळदा एवढंच असतं. यावर उपाय ऑटोमिक्सर. डॅन डुगन यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली: जो बोलतोय त्याला वाटा जास्त, गप्प बसलेल्या माईकचा वाटा कमी, आणि सगळ्यांची बेरीज एका उघड्या माईकएवढी. आज बहुतेक डीएसपीत ही सोय असते. ती लावा आणि विसरून जा. पण गाण्याच्या कार्यक्रमाला ती काढलेली बरी. तबल्याचा माईक गायकाच्या माईकशी वाट्यासाठी भांडायला लागतो.

तरी मामांना आवाज कमी-जास्त करता आला पाहिजे. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करून 'ऐकू येईना' म्हणतंच. इथं मी फेडर देत नाही. टच स्क्रीनवरच्या बऱ्याच फेडरना बोट जिथं लागेल तिथं थेट उडी मारायची सवय असते. शर्टाची बाही लागली तरी हॉल दणाणतो. त्याऐवजी 'वाढवा' आणि 'कमी करा' अशी दोन बटणं आणि मध्ये पायऱ्यांची पट्टी द्या. १ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, ३ डेसिबलचा स्पष्ट कळतो, आणि १० डेसिबलला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, ज्याला ॲम्प्लिफायरकडून दहापट पॉवर लागते. म्हणून मी एक पायरी २ डेसिबलची ठेवतो. एकदा दाबल्यावर काहीतरी झालं हे कळतं, आणि दोनदा जास्त दाबलं गेलं तरी भलतं काही होत नाही. एकूण पायऱ्या आठ, ट्युनिंगच्या पातळीच्या १० डेसिबल खालपासून ४ डेसिबल वरपर्यंत. सहावी पायरी म्हणजे ट्युनिंग करताना ठरवलेला आवाज, तिच्यावर एक खूण करा. डेसिबलचे आकडे दाखवू नका. उणे सहा म्हणजे आवाज आहे की नाही, हे मामांना कळायचं काही कारण नाही.

यातली खरी गंमत पट्टीच्या खालच्या टोकाला आहे. सगळ्यात खालच्या पायरीवरही आवाज ऐकू येतोच. म्हणजे 'कमी करा' दाबून दाबून माईक मुका होऊ शकत नाही. गप्प करायचा असेल तर 'बंद' हे वेगळं बटण दाबावं लागतं आणि ते स्क्रीनवर स्पष्ट दिसतं. तुमच्या मुहूर्ताच्या वेळी काय झालं असेल याचा माझा अंदाज असा, की सकाळी कुणीतरी गुरुजींचा फेडर तळाला नेऊन ठेवला होता आणि म्यूटचा दिवा मात्र विझलेला होता. माईक चालू दिसत होता, आवाज नव्हता. या पद्धतीत तसं घडायला वाटच उरत नाही.

असे आवाजाचे कंट्रोल किती द्यायचे? मुख्य हॉलला दोन पुरेत: 'बोलणं' आणि 'संगीत'. पंगतीच्या हॉलला मी स्क्रीनवर काहीच देणार नाही. तिथं दाराजवळ भिंतीवर एक साधा फिरवायचा नॉब लावा. आचाऱ्यापासून यजमानापर्यंत तो कुणालाही वापरता येतो. एका कामाला नॉबइतकं सोपं अजून काही निघालेलं नाही, हे माझं ठाम मत आहे. नॉबच्या वरच्या प्लेटवर नाव कोरून घ्यायचं असेल तर उद्यमनगरात काम होऊन जाईल, स्टिकर वर्षभरात निघून येतात.

यांच्या जोडीला एक बटण हवंच: 'नेहमीसारखं करा'. कुणी काहीही गोंधळ घातलेला असो, हे दाबलं की चालू प्रसंगाच्या सगळ्या पातळ्या ठरलेल्या जागी येतात. मामांची भीती या एका बटणानं जेवढी कमी होते तेवढी बाकी कशानं होत नाही.

आता माईकचं पान. हे दुसरं पान, पहिल्याच्या खालच्या कोपऱ्यातून उघडणारं. इथं नावांचा घोळ सर्वांत जास्त होतो. 'कॉर्डलेस ३' कुठला, हे हातात माईक धरलेल्या आत्यांना माहीत नसतं आणि लांब उभ्या मामांनाही दिसत नाही. माईकच्या दांड्यावर रंगीत टेपची जाड पट्टी लावा आणि स्क्रीनवर तोच रंग, तेच नाव: लाल माईक, पिवळा माईक, निळा माईक, पांढरा माईक. टेपवर आकडाही लिहा, कारण लाल-हिरव्यात गफलत होणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, त्यातही पुरुष जास्त.

चालू-बंद दाखवताना एक सापळा आहे. बटणावर नुसतं 'बंद' लिहिलं तर माईक बंद आहे, की दाबल्यावर बंद होईल? सॉफ्टवेअरमध्ये काम करता म्हणजे या वादातून तुम्ही गेलाच असाल. मी दोन ओळी लिहितो: वर 'लाल माईक', खाली 'चालू आहे' किंवा 'बंद आहे'. 'आहे' हा शब्द गाळायचा नाही. रंगावर विसंबू नका, कारण लाल दिव्याचा अर्थ मिक्सरवाल्याला 'म्यूट' आणि रेडिओवाल्याला 'ऑन एअर' असा उलटा लागतो. चालू असेल तर बटण उजळ भरलेलं, बंद असेल तर राखाडी, एवढं पुरे.

प्रत्येक माईकच्या शेजारी आवाजाबरोबर हलणारा एक छोटा दिवा द्या. हा दिवा म्हणजे मामांचा अर्धा तंत्रज्ञ. 'चालू आहे' लिहिलंय आणि बोलताना दिवा हलत नाही, म्हणजे माईकवरचं स्विच बंद किंवा सेल गेला, तिथं जाऊन बघा. दिवा हलतोय पण हॉलमध्ये आवाज नाही, म्हणजे प्रसंग चुकीचा निवडलाय किंवा ॲम्प्लिफायरकडं काहीतरी आहे. पहिल्यासाठी फोन करायची गरजच नाही, दुसऱ्यासाठी फोन आला तरी मला निम्मं उत्तर आधीच कळलेलं असतं. कॉर्डलेसच्या मेन्यूत पॉवर स्विच लॉक करायची सोय बघा, ती बऱ्याच सेटमध्ये असते. पाहुण्यांनी माईक परत देताना सवयीनं स्विच बंद करण्याची भानगड त्यानं मिटते.

स्क्रीननं स्वतःची आठवण ठेवू नये. बटण उजळलं ते दाबलं म्हणून नको, प्रोसेसरनं 'झालं' असं कळवलं म्हणून उजळावं. आणि नेटवर्कची केबल सुटली तर जुनं चित्र तसंच दाखवत बसण्यापेक्षा पूर्ण स्क्रीनवर 'संपर्क तुटला आहे' असं यावं. गोठलेल्या स्क्रीनवर बटणं दाबत बसलेला माणूस बघवत नाही.

मराठीत लिहायचं का? नक्की लिहा, पण आधी एक चाचणी करा. स्क्रीनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'विधी', 'पूर्ण', 'मंगलाष्टका', 'स्त्रिया' हे शब्द टाका आणि प्रत्यक्ष पॅनेलवर बघा, कॉम्प्युटरवर नको. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं न येता उजवीकडं सरकली, 'ष्ट' फुटून पाय मोडलेला दिसला किंवा रफार भलतीकडं गेला, तर ते पॅनेल देवनागरी नीट जुळवत नाही. मग बटणांवरची अक्षरं चित्र म्हणून बनवून लावायची. काम वाढतं, प्रत्येक बटणाची चालू आणि बंद अशी दोन चित्रं लागतात, पण बटणंच मोजकी असल्यानं जमून जातं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फाँट लांबून चांगले वाचता येतात. ओळीची उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. 'माईक' हा शब्द 'ध्वनिक्षेपक' करू नका, मामांनी तो कधी तोंडातून काढलेला नसेल.

आकाराचं थोडक्यात. ॲपल फोनसाठी निदान ४४ पॉइंटचं, गूगल ४८ डीपीचं, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरचं बटण सांगतं. ते खुर्चीत बसून फोन हातात धरलेल्या माणसासाठी झालं. भिंतीसमोर उभं राहून, एक नजर स्टेजवर ठेवून, हळदीकुंकवाच्या बोटानं दाबायचं असेल तर मी २० मिलिमीटरच्या खाली जात नाही. १०.१ इंची, १२८० बाय ८०० च्या पॅनेलवर ते साधारण ११८ पिक्सेल होतात. दोन बटणांमध्ये बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढी मोकळी जागा. 'सर्व बंद' हे बटण कोपऱ्यात, लांब, आणि दोन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालणार नाही असं.

लाईट जाण्याचा विचार स्क्रीनच्या आधी करा. प्रोसेसर, नेटवर्क स्विच आणि पॅनेल हे तिघं छोट्या यूपीएसवर टाका, ॲम्प्लिफायर टाकू नका. लाईट जाऊन जनरेटर लागेपर्यंत आवाज थांबेल, पण प्रसंग आणि पातळ्या जिथल्या तिथं राहतील. हे नसेल तर प्रोसेसर परत उठायला वेळ घेतो आणि तेवढ्यात मामा सगळी बटणं दाबून मोकळे होतात. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू आणि सर्वांत आधी बंद, हा क्रम सिक्वेन्सरवर, म्हणजे साधनं ओळीनं चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर सोडा.

लॉनचं बटण वेगळं ठेवा आणि त्याच्यावर वेळेचं बंधन आतच घाला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. पावणेदहाला स्क्रीनवर सूचना आणि दहाला लॉन आपोआप बंद, असं वेळापत्रक लावलं की नवरदेवाच्या मित्रांशी हुज्जत मामांना घालावी लागत नाही. 'मशीनच बंद करतंय बघा' हे उत्तर लई कामाला येतं. लॉनच्या स्पीकरचा लिमिटर मात्र पासवर्डच्या मागं ठेवा.

आयपॅडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: भिंतीवरचं पॅनेल काढू नका. एकाच नेटवर्क केबलवर वीज आणि डेटा दोन्ही घेणारं पॅनेल चार्ज करावं लागत नाही, कुणाच्या खिशात जात नाही, लग्नाच्या गर्दीत वायफाय अडखळलं म्हणून अडत नाही. आयपॅडचा उपयोग तुम्हाला, हॉलभर फिरत ट्युनिंग करताना. मामांना स्टेजजवळून काम करायचंच असेल तर दुसरं साधन म्हणून द्या, त्यावर गाईडेड ॲक्सेस लावून एकच ॲप उघडं ठेवा आणि त्याचं वायफाय पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळं करा. सध्याच्या पॅनेलची जागा मात्र तपासा. ते स्टोअररूमच्या भिंतीवर असेल तर स्क्रीन कितीही सोपी करा, मामांना स्टेज दिसणार नाही आणि आवाज ऐकू येणार नाही.

बाहेरचा साऊंडवाला येतो तेव्हा त्याला तुमची स्क्रीन द्यायचीच नाही. स्टेजजवळ दोन इनपुटची एक पेटी ठेवा, त्याचा मिक्सर तिथं लागेल, पुढं तुमचा लिमिटर. 'कार्यक्रम' या प्रसंगात ते इनपुट चालू. 'डॉल्बी'वाले स्वतःचे स्पीकर आणतात, त्यांचा तुमच्या सिस्टिमशी संबंधच नको.

हे सगळं स्क्रीनवर बनवण्याआधी कागदावर खऱ्या आकारात काढा, भिंतीला चिकटवा आणि मामांना कामं सांगा: 'लाल माईक येईना झालाय, काय कराल?', 'पंगत बसली, आता काय?', 'सगळं बिघडलंय, काय दाबाल?' आणि तुम्ही गप्प बसा. ते जिथं अडतील तिथं समजावून सांगायचा मोह होईल. सांगू नका, कागद बदला. सुट्टीला बसणाऱ्या पोरालाही वेगळं बसवून हेच करा, कारण मामांसमोर तो मान डोलावत राहील.

कामाला चातुर्मासाची वेळ चांगली. चातुर्मासात मुहूर्त फारसे नसतात, तुळशीचं लग्न होईपर्यंत हॉल बहुतेक मोकळा असतो. आधी आतलं ट्युनिंग आणि प्रसंग, मग कागद, सर्वांत शेवटी स्क्रीन. पण आज पहिलं काम वेगळंच आहे: ज्यानं सिस्टिम बसवली त्याच्याकडून प्रोसेसरची मूळ डिझाइन फाईल आणि पासवर्ड लेखी मागून घ्या. पैसे देऊन घेतलेल्या कामाची ती फाईल तुमच्याकडं असायलाच हवी. काही प्रोसेसरमधून ती परत काढता येते, पण पासवर्ड लागतोच. ती मिळाली की मूळ प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीवर काम करा. आणि प्रोसेसरचं मॉडेल, हॉलची लांबी-रुंदी आणि स्पीकर कुठं टांगलेत याचा एक फोटो इथं टाका. पातळ्यांचे आकडे मी वर ढोबळ दिलेत, ते पाहिल्यावर तुमच्या हॉलसाठी नेमके सांगता येतील.